टपवाले भाऊजी

वर्धा जिल्ह्यात जेवढ्या म्हणून उघड्या मोटारी होत्या, त्या सगळ्यांच्या डोक्यावरचं छत्र आमच्या भाऊजींच्या दहा बोटांवर उभं होतं, असं मी म्हटलं की आजकालची मंडळी हसतात. हसोत बापडी. ज्यांनी ती बोटं पाहिलीच नाहीत त्यांचा काय दोष? भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेलूला एका डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. लाल औषध बाटलीत ओतणं, बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवणं, गळवांना पोटीस बांधणं, पोरांना धाक घालून एरंडेल पाजणं, ही सगळी कामं ते नेकीनं करत. पण ती पोटापाण्यासाठी. देवानं त्यांना जन्माला घातलं होतं ते मोटारींच्या आकसलेल्या टपांसाठी, आणि ही गोष्ट देवानं इतर कोणाला नाही तरी भाऊजींना नक्की कळवली होती.

पत्र्याच्या बंद गाड्यांत बसून मोठ्या झालेल्या पिढीला टप म्हणजे काय हे सांगावं लागेल. त्या वेळच्या बऱ्याचशा मोटारी टांग्याच्या चुलत बहिणी शोभत. वर पत्रा नाही. लोखंडी कमानींवर ताणून बसवलेलं कापड, एरवी मागे घडी घालून पाडून ठेवायचं आणि ऊन-पाऊस आला की ओढून पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवायचं. हा टप. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तरी मालगुजारांच्या दारच्या या मोटारी गेल्या नव्हत्या. हिंगणघाट-पुलगावकडच्या जिनिंगवाल्या शेठजींकडेही दोन-चार होत्या. त्यांचे जुने टप कुजून गेले तेव्हा नागपूरच्या बाजारात एक नवीनच कापड आलं होतं. काळंभोर, चकचकीत, हाताला रबरासारखं लागणारं. लोक त्याला सरसकट रेक्झीन म्हणत. त्याचा नवा टप चढवला की म्हातारी मोटारही मुंडावळ्या बांधलेल्या नवरीसारखी दिसे. पण हा थाट फाल्गुनापासून वैशाखापर्यंतच. वर्ध्याचं वैशाखातलं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला पुढचं सांगायला नको. घडी घालून ठेवलेला टप आतल्या आत आकसत जाई, आणि पावसाळ्यात मालकानं तो वर ओढला की काचेच्या चार बोटं अलीकडे, कुठे कुठे तर वीतभर अलीकडे, येऊन थांबे. मालक दुकानदाराच्या नावानं बोटं मोडी. मग कोणीतरी शहाणा माणूस त्याला सांगे, "सेलूले जा जी. तिथं दवाखान्यात एक कंपाउंडर हाये."

मी तेव्हा सेलूच्या शाळेत नवीनच मास्तर म्हणून लागलो होतो आणि दवाखान्याला लागून असलेल्या ताईच्या घरीच राहत होतो, त्यामुळे हे सगळं मला घरबसल्या पाहायला मिळालं. गंमत म्हणजे भाऊजींना मोटार चालवता येत नव्हती. चालवायची इच्छाही नव्हती. इंजिन, चाकं, दिवे या सगळ्याला ते एकत्रितपणे 'खालचं सामान' म्हणत. रस्त्यानं मोटार आली की लोक आत कोण बसलंय ते पाहत. भाऊजींची नजर टपाच्या शिवणीवरून फिरून खाली न उतरताच परत जाई. एकदा बाजारातून लग्नाची वरात चालली होती. मोटारीत नवरदेव, टप अर्धवट वर. अख्खं सेलू नवरदेवाकडे पाहत असताना भाऊजी फुटबोर्डावर चढले. कोणी वडीलधारं माणूस आशीर्वाद द्यायला आलं असं वाटून नवरदेवानं वाकून हात पुढे केले. भाऊजींनी ते दोन्ही हात धरले आणि टपाच्या कडेवर नेऊन ठेवले. "हे धर जरा, बापू. दोन मिन्टाचं काम हाये." वाजंत्री थांबली. घोळका थांबला. सामोऱ्या आलेल्या मुलीकडच्या बायका ओवाळणीची ताटं घेऊन उन्हात तिष्ठत राहिल्या. टप मात्र काचेला लागला. लग्नघटिका थोडी टळली म्हणून भटजी कुरकुरले, तर भाऊजी त्यांना म्हणाले, "घटिका उद्याबी येते महाराज, हे असं कडक ऊन उद्या भेटते का?"

कडक ऊन हे त्यांचं पहिलं औषध. दुपारी माणसं घरात दारं लावून पडली की भाऊजी अनवाणी अंगणात उतरत. टप उन्हात चांगला तापू द्यायचा. मग दवाखान्यातली गरम पाण्याची रबरी पिशवी आणून एकेक सुरकुती शेकायची, मग ग्लिसरीनचा हात फिरवायचा, पुन्हा ऊन द्यायचं. हे करताना ते कापडाशी हलक्या आवाजात बोलत. मला एकदा त्यांनी समजावून सांगितलं, "याले ओढाचं नाई, मास्तर. ओढलं का हे रुसते. गरम करा, नरम करा, मंग हळूच म्हना, चाल बापा, जाऊ पुढं." डॉक्टरसाहेब खिडकीतून पाहत असत. उंच, गोरे, नागपूरला शिकलेले, तोंडानं तापट आणि मनानं अगदी लोणी असे ते गृहस्थ होते. एकदा ते ओरडले, "कंपाउंडर, ते ग्लिसरीन घसा बसलेल्या पेशंटसाठी आहे!" भाऊजी मान वर न करता म्हणाले, "ज्याचा घसा बसला तोच या मोटारीचा मालक हाये, साहेब. टप आखूड पडला म्हनून भिजला. मूळ रोग हा हाये, मी मुळावरच औषध देऊन राह्यलो." डॉक्टरसाहेबांनी खिडकी लावून घेतली.

कापड नरम झालं की पुढचं काम एकट्याचं नसे. चारी बाजूंनी, एकाच वेळी, एकाच ताकदीनं ते पुढे न्यावं लागे. त्यासाठी माणसं लागत, आणि ती भाऊजी रस्त्यावरून गोळा करत. त्यांच्या लेखी माणसांच्या जाती दोनच: टप धरणारे आणि नुसते पाहणारे. दुसऱ्या जातीचा माणूस त्यांच्यासमोर फार वेळ त्या जातीत टिकत नसे. पोस्टमन, कापसाचे दलाल, खोकल्याचं औषध न्यायला आलेले म्हातारे, सगळ्यांना कड मिळे. एका जुन्या मालगुजारांची मोटार आली होती तेव्हा खुद्द मालगुजारांच्या हातात एक कोपरा आणि शेजारच्या कोपऱ्यावर त्यांचाच गडी. एरवी मालकासमोर दहा पावलं लांब, मान खाली घालून उभा राहणारा तो माणूस मालकाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि संकोचानं अर्धा झाला होता. भाऊजींना त्याचं काहीच नव्हतं. ते ओरडले, "मालक, तुमच्याकडून ढिलं होऊन राह्यलं! तुमचा गडी पाहा कसा झ्याक धरते!" मालगुजारांनी धोतराचा सोगा दातांत धरला आणि जोर लावला. त्या दिवशी जाताना त्यांनी गड्याला पुढच्या सीटवर बसवून नेलं, असं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

माझी आईसुद्धा यातून सुटली नाही. देवळीहून ती कुरडया-पापडांचं गाठोडं घेऊन लेकीकडे आली, ती नेमकी भर दुपारी. अंगणात कोणा शेठजींची मोटार उभी, तिघे जण तीन कडा धरून, चौथी मोकळी. भाऊजींनी आईच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं ते वाकून नमस्कार करण्यासाठी नव्हे.

"जवाईबापू, पानी तं पिऊ द्या!" आई म्हणाली.

"पेजा ना, आई. एवढी कड तेवढी काचेले लागू द्या."

संध्याकाळी आई ताईला म्हणाली, "सासू म्हनून आलती, बैल म्हनून जुंपली तुह्या नवऱ्यानं." पण पुढच्या खेपेपासून ती अंगणात पाय ठेवायच्या आधीच पदर खोचायची आणि विचारायची, "आज कोनाची मोटार हाये?" ताईची तक्रार निराळीच होती, म्हणजे तक्रार नव्हतीच. भाऊजींना जगातली प्रत्येक अडचण कापड आकसल्यामुळेच होते असं वाटे. पोराचं बनियन पोटावर चढलं, उशीची खोळ तोकडी पडली, सगळ्याला कारण एकच. ताई मला हसत हसत सांगायची, "मह्या अंगावर झंपर घट्ट झालं तं हे म्हनते, तू नाई लठ्ठ झाली, कापडच आकसलं. एवढं एक गोड हाये बापा या मानसात."

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल की भाऊजींच्या हाताखालून गेलेला प्रत्येक टप काचेला जाऊन भिडत असेल. तसं नव्हतं. कित्येक टप हट्टी निघत. असल्या वेळी दुसरा कोणीही कारागीर कड कापून तिथे चार बोटांची पट्टी जोडून मोकळा झाला असता. नागपूरचे कारागीर तेच करत. भाऊजींना मात्र कैचीचं नाव काढलेलं खपत नसे. "कैची का, कोनीबी चालवते," असं म्हणून ते विषय संपवत. आणि साऱ्या जिल्ह्यातला सगळ्यात हट्टी टप, दैव पाहा, खुद्द डॉक्टरसाहेबांच्या मोटारीचा होता. दोन उन्हाळे भाऊजी त्याच्यामागे होते. शेकलं, चोळलं, मनवलं, पण समोरच्या काचेच्या वर चार बोटांची फट राहायची ती राहायचीच. डॉक्टरसाहेब पावसाळ्यात गाडी चालवताना डोक्यावर टोपी आणि गळ्याभोवती टॉवेल घेऊन बसत. खेड्यात गेले की आजारी कोण आणि डॉक्टर कोण हे लोकांना क्षणभर कळत नसे.

"कंपाउंडर, एक पट्टी जोडून टाका हो," ते म्हणत.

"आनखीन एक उन्हाळा द्या, साहेब. येऊन राह्यलं ते. पहिल्यानं पाच बोटं होतं."

डॉक्टरसाहेब मोठ्यानं हसत आणि टॉवेल पिळत. हे असंच चाललं असतं, पण त्या वर्षी पोळा आला तो भरपावसात.

पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं लाकडी बैलांना झुली घालून घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत हिंडतात. पावसाचं जरा थांबलं होतं, दवाखान्यासमोर पोरांचा गलका चालला होता, इतक्यात चिखलानं माखलेला एक तरुण सायकल टाकून आत आला. त्याचं नाव किसन. केळझरच्या पलीकडे आत एक खेडं आहे तिथला. त्याची बायको आदल्या रात्रीपासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टरसाहेबांनी बॅग उचलली, भाऊजींनी किटलीभर उकळलेलं पाणी आणि कापसाचे गठ्ठे घेतले. शाळेला सुट्टी होती आणि गाडी चिखलात रुतली तर ढकलायला माणूस हवा, म्हणून मीही बसलो.

किसनचं घर गावाच्या कडेला, मातीचं, सारवलेलं. मागच्याच दसऱ्याला घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर होती, तिच्याखाली किसनची आई हात जोडून नुसती बसली होती. डॉक्टरसाहेब आतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "बाळ पायाळू आहे. पाय खाली आहेत. इथे धोका घेण्यात अर्थ नाही, वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे." किसननं आणि मी त्या मुलीला बाजेसकट उचलून मोटारीपर्यंत आणलं आणि मागच्या सीटवर निजवलं. ती किती लहान दिसत होती! ओठ पांढरे पडले होते, आवाज करायचंही त्राण नव्हतं.

किसनची आई मोटारीपासून हातभर लांब थांबली. "तुमी जा जी. मी मांगून पायी येतो. आमच्यानं डाक्टरच्या मोटारीत कसं बसाव?"

डॉक्टरसाहेब काही बोलणार, त्याआधी भाऊजी खेकसले, "आई, हात रिकामे हाये ना तुमचे? मंग बसा लवकर. मांगच्या कोपऱ्याचं टिचबटन निसटते, ते धरून ठेवा." म्हातारी गोंधळून चढली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि एका हातानं तो कोपरा घट्ट धरला. किसन बाहेर फुटबोर्डावर उभा राहिला.

केळझर मागे पडलं आणि पाऊस समोरून आला. असा आला की समोरचा रस्ता पुसून गेला. पाऊस एकटा असता तर चाललं असतं, त्याला वारा होता. चालत्या गाडीत त्या चार बोटांच्या फटीतून पाण्याचा पट्टाच्या पट्टा आत यायचा, आमच्या डोक्यांवरून जायचा आणि थेट मागच्या सीटवर कोसळायचा. टप फुग्यासारखा वर उचलला जात होता. मागे म्हातारी ओरडली, "भिजून राह्यली जी पोरगी! कापून राह्यली!" मी वळून पाहिलं. मुलीला हुडहुडी भरली होती आणि तिचे दात वाजत होते.

डॉक्टरसाहेबांचा तोल गेला. "दोन वर्षं सांगतोय, पट्टी जोडा, पट्टी जोडा! तुमच्या त्या हट्टापायी आता ही पोर गारठून जाईल. कळतंय का तुम्हाला?" त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊजी सीटवर गुडघ्यांवर उभे राहिले, दोन्ही हात फटीतून बाहेर काढले, टपाची कड बोटांच्या चिमटीत धरली आणि सगळं अंग पुढे झोकून ती चौकटीवर ओढली. फट मिटली. मिटलेली राहिली, कारण त्यांनी ती सोडलीच नाही. मी त्यांच्या कमरेला मिठी घालून बसलो, कारण प्रत्येक खड्ड्याला ते काचेवर आदळत होते. बाहेर त्यांच्या बोटांवर पाऊस खड्यांसारखा लागत होता. सेलू आलं आणि गेलं. लाकडी बैल छातीशी धरून ओसरीत उभी असलेली पोरं मला ओझरती दिसली.

सेलूच्या पुढे थोडंच गेलो असू, तोच मागून एक किंकाळी आली. डॉक्टरसाहेबांनी गाडी बाभळीखाली घातली. "आता वर्धा नाही. इथेच," एवढं म्हणून ते बाह्या सारत मागे गेले. "टप कोणी सोडू नका. खाली एक थेंब येता कामा नये."

भाऊजी खाली उतरले आणि बॉनेटवर पालथे पडून त्यांनी चौकटीवर कड दाबून धरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला किसन. चौथी बाजू मोकळी होती, वारा तिथून शिरत होता. तेवढ्यात एक बैलगाडी आली. गाडीवान पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन थांबला आणि काय झालं म्हणून वाकून पाहू लागला. भाऊजींनी मान न उचलताच हाक दिली, "ओ भाऊ, पाहता काऊन? मांगची कड धरा." गाडीवानानं कासरा टाकला आणि कड धरली. चौघांनी चार बाजूंनी सारखा ताण दिला तसा तो टप ढोलकीच्या पुडीसारखा ताठ झाला. आत डॉक्टरसाहेबांचा शांत केलेला आवाज, म्हातारीचं "सोस माय, सोस माय," आणि वर पावसाचा ताशा. किसन कड धरून रडत होता. ते पावसामुळे कोणाला दिसलं नसतं, पण त्याचे खांदे हलत होते. भाऊजींचं तोंड बॉनेटला टेकलेलं होतं. ते काहीतरी पुटपुटत होते. मी कान दिला. "चाल बापा, जाऊ पुढं. चाल बापा." कापडाला म्हणत होते की त्या जिवाला, कोण जाणे.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग आतून तो आवाज आला, मांजराच्या पिलासारखा, चिरका आणि रागावलेला. डॉक्टरसाहेबांनी टपाखालून डोकं काढलं. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत." किसन मटकन चिखलात बसला. गाडीवान "चला, लक्षुमी आली" म्हणाला आणि आपल्या बैलांकडे गेला.

भाऊजी मात्र तसेच पडून होते. "सोडा आता, कंपाउंडर," डॉक्टरसाहेब म्हणाले. भाऊजी म्हणाले, "सुटून नाई राह्यलं, साहेब." त्यांची बोटं आखडली होती. निळी पडली होती, नखांच्या कडांतून रक्त आलं होतं, आणि ती चौकटीला अशी बसली होती की भाऊजींना स्वतःला उघडता येत नव्हती. मी पुढे होणार तोच किसनची आई गाडीतून उतरली. सारवलेल्या अंगणात मोटारीपासून हातभर लांब उभी राहणारी ती बाई. तिनं भाऊजींचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, एकेक बोट सोडवलं, पदरात गुंडाळून चोळलं, तोंडाची वाफ दिली. मग दुसरा हात. "लेकरा," एवढंच म्हणाली. भाऊजी तिच्याकडे पाहत राहिले. उरलेल्या वाटेवर टप किसननं आणि मी धरला आणि भाऊजी हात मांडीवर ठेवून बसून होते. वर्ध्याच्या दवाखान्यात मायलेकींना नीट पोचवून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर भाऊजी मोटारीजवळ. बाजारात काळं रेक्झीन मिळालं नव्हतं; कुठल्याशा जीपच्या टपाचा उरलेला हिरवा तुकडा त्यांनी आणला होता. बोटांना चिंध्या बांधलेल्या. डॉक्टरसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "कंपाउंडर, काल मी फार बोललो तुम्हाला."

"नाई जी. बरोबर होतं तुमचं." भाऊजींनी कड हातात धरली. "मी आपला कापडाकडेच पाहून राह्यलो होतो."

डॉक्टरसाहेब आत गेले आणि स्वतःची कैची घेऊन आले. "ही घ्या. हिला धार चांगली आहे." भाऊजींनी टप कापला. कापताना डोळे मिटले असं ताई सांगते, पण ती स्वयंपाकघरातून पाहत होती. दाभणानं त्यांनी ती हिरवी पट्टी इतक्या बारीक टाक्यांनी जोडली की शिवण शोधावी लागे. पण रंगाचं काय करणार? लांबून ती मोटार हिरव्या काठाचं काळं लुगडं नेसल्यासारखी दिसे. सेलूत सगळे हसले. भाऊजीही हसले.

त्यानंतरही लोक टप घेऊन येत राहिले. ऊन, शेक, ग्लिसरीन, रस्त्यावरची माणसं, सगळं पूर्वीसारखंच. एक प्रश्न मात्र नवीन आला. टपाला हात लावायच्या आधी भाऊजी मालकाला विचारत, "गाडीत बायामानसं, लेकरंबाळं बसते का?" बसत असतील तर त्याच दिवशी पट्टी. मालक एकटाच बसणारा असेल तर मग त्याची सुटका नाही. त्याला दोन-दोन उन्हाळे हेलपाटे घालावे लागत, आणि भिजला तर ग्लिसरीन दवाखान्यात होतंच.

पुढे दोन-तीन वर्षांतच उघड्या मोटारी दिसेनाशा झाल्या. मालगुजारांच्या मोटारींत कोंबड्या अंडी घालू लागल्या, शेठजींनी पत्र्याच्या बंद गाड्या घेतल्या. डॉक्टरसाहेबांनीही घेतली, वय झालं होतं, थंडी सोसत नव्हती. जुनी मोटार हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. माझी बदली झाली होती, पण दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे गेलो तेव्हा नेमका तो ती न्यायला आला होता. तरुण, चटपटीत माणूस. टप, कमानी सगळं काढून वर पत्रा ठोकणार आणि मागे सरकीची पोती वाहणार, असं तो सहज बोलून गेला. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

भाऊजी म्हणाले, "पत्रा चांगला. आकसत नाई." मग त्यांनी टप वर ओढला, कमानी उघडल्या, बटणं एकेक करून लावली आणि चौकटीवरून हात फिरवून पाहिलं. व्यापारी घाईत होता, म्हणाला, "राहू द्या ना जी, कशाले? तिथं गेल्यावर काढाचाच हाये."

"ऊन हाये," भाऊजी म्हणाले. "हिंगनघाटपर्यंत राहू द्या."

मोटार निघाली. मी आणि डॉक्टरसाहेब पायरीवर उभे होतो. मोटार त्यांची होती, इतकी वर्षं तिनं त्यांना खेडोपाडी नेलं होतं, पण मी पाहिलं तर ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते भाऊजींकडे बघत होते. भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे होते, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून. मोटार वळणापलीकडे गेली, धूळ खाली बसली, तरी ते तिथेच. डॉक्टरसाहेब पायरी उतरले, सावकाश त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

"चला, कंपाउंडर," ते म्हणाले. "पेशंट बसलेत."

"हो जी," भाऊजी म्हणाले, आणि दोघं आत गेले.